39 हॉर्सपॉवरमागे दिंडीची ट्रॉली

बुलढाणा जिल्ह्यात माणूस कुठला हे विचारलं की तालुक्याआधी घाट येतो. 'घाटावरचा' की 'घाटाखालचा' एवढं कळलं तरी पीक, पाणी आणि बोली यांचा बराच अंदाज बांधता येतो. मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पट्टा मुख्यतः पूर्णेच्या खोऱ्यातला. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे तालुके अजिंठ्याच्या डोंगररांगेवरच्या पठारात. मलकापूर समुद्रसपाटीपासून साधारण अडीचशे मीटरवर आहे, तर बुलढाणा शहर साडेसहाशेच्या जवळपास. मधली उंची चढायची तर मोताळ्याकडून राजूर घाट, खामगावकडून ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणारा बोथ्याचा घाट.

या जिल्ह्यात ओझं वाहण्याचा इतिहास म्हणजे या चढउताराचाच इतिहास. खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ. 1870 मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा छोटा फाटा आला, तोही कापसासाठीच. त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं शेतापासून बाजारापर्यंतचं काम बैलगाडीचं होतं. आज ते काम ट्रॅक्टर-ट्रॉलीचं आहे. कपाशी, सोयाबीन, मका, कडबा, खत, वाळू, विटा, मांडवाचं सामान, सगळं ट्रॉलीतून जातं. आषाढीच्या आधी काही ट्रॉल्यांना आणखी एक काम लागतं. त्या दिंडीबरोबर पंढरपूरला निघतात.

मोताळा तालुक्यातला एक चालक अनेक वर्षं असा ट्रॅक्टर घेऊन दिंडीबरोबर जातो. गावात लहानथोर त्याला 'भाऊ' म्हणतात. त्याच्याकडचा ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, 39 हॉर्सपॉवरचा आहे. आजच्या बाजारात तो लहान गटातलाच. त्यावर पॉवर स्टिअरिंग नाही, सावलीला छत्री आहे तीही नंतर बसवलेली. गावात पन्नास हॉर्सपॉवरचे ट्रॅक्टरही आहेत. पण दिंडी निघते जूनमध्ये, आणि जून म्हणजे पेरणी. पहिला बरा पाऊस पडला की मोठ्या ट्रॅक्टरला क्षणाची उसंत नसते. रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, सगळं त्याच्याच मागे. त्यामुळे तीन आठवडे घराबाहेर राहायचं काम साहजिकच लहान ट्रॅक्टरकडे येतं.

'एवढ्याशा इंजिनावर घाट चढंल का रे भाऊ?' हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच. भाऊचं उत्तर ठरलेलं असतं. 'चढते ना बाप्पा, चढाची फिकर नोको करू. उतरतानी माह्याशी बोलू नोको.'

या एका उत्तरात त्याच्या कामाचं सगळं ज्ञान आहे.

दिंडीची ट्रॉली म्हणजे चाकावरचा संसार. एरवी वाळू आणि सोयाबीन वाहणाऱ्या दोन चाकी ट्रॉलीला धुऊन, पुसून लोखंडी पाइपच्या कमानी ठोकतात. त्यावर ताडपत्री ताणतात. आत दोन्ही बाजूंना फळ्यांचे कप्पे. तळाशी पिठाची, डाळीची, तांदळाची पोती. मोठे गंज, पराती, झारे, गॅसच्या शेगड्या. वारकऱ्यांच्या वळकट्या आणि पिशव्या, प्रत्येकीवर नाव लिहिलेलं. पाण्याची टाकी. रात्रीच्या मुक्कामाचे तंबू, बांबू, दोर, दिव्यांच्या माळा, जनरेटर. एका कोपऱ्यात औषधांची पेटी. पालखी आणि वीणा माणसांच्या खांद्यावर असतात, बाकी सगळं या ट्रॉलीच्या खांद्यावर.

हे सामान भरणं बायाबापड्यांना आणि तरुण पोरांना सोपं वाटतं. जागा दिसली की टाकायचं. भाऊ मात्र सामान भरताना बाजूला हटत नाही. दोन चाकी ट्रॉलीत वजन कुठे पडलं, यावर पुढचा सगळा प्रवास ठरतो. ट्रॉलीचा एक्सल मध्याच्या थोडा मागे असतो, त्यामुळे नीट भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाचा काही हिस्सा दांड्यातून ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. हा हिस्सा मागच्या मोठ्या टायरांना रस्त्यावर दाबून धरतो आणि पकड देतो. तो फार कमी झाला तर टायर घसरतात, ट्रॉली मागे डोलू लागते. फार वाढला तर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळेनासा होतो.

पाण्याची टाकी हे याचं उत्तम उदाहरण. लोकांना टाकी मागे हवी असते, म्हणजे फाळका उघडला की नळ हाताशी येतो. पाचशे लिटरची भरलेली टाकी म्हणजे पाचशे किलो. ती एक्सलच्या सव्वा मीटर मागे ठेवली आणि हूक एक्सलपासून साडेतीन मीटर पुढे असला, तर तरफेच्या साध्या नियमाने हुकावरचं जवळपास 180 किलो वजन उचललं जातं. टाकी एक्सलवर ठेवली तर ती भरलेली असो की रिकामी, हुकावरच्या वजनाला काही फरक पडत नाही. म्हणून भाऊ टाकी बरोबर एक्सलवर ठेवतो आणि नळाला लांब रबरी पाइप जोडून तो मागे आणतो. पिठाची पोती एक्सलच्या थोडी पुढे. वळकट्या सगळ्यात वर, कारण त्या हलक्या. गॅसच्या टाक्या उभ्या, साखळीने बांधलेल्या.

अमेरिकेत पिकअप गाडीमागे चाकांवरचं घर लावून सहलीला जाणारी कुटुंबं हाच हिशेब करतात. तिथे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के वजन हुकावर यावं असा सर्वमान्य ठोकताळा आहे. त्याहून कमी असलं की वेगात ट्रेलर डावीउजवीकडे झोके घेतो आणि पुढच्या गाडीलाही ओढून नेतो. मोताळ्याच्या ट्रॉलीला आणि ॲरिझोनातल्या ट्रेलरला नियम एकच लागू होतो.

आता चढाचा हिशेब. ट्रॅक्टर सुमारे 1.8 टन, रिकामी ट्रॉली दीड टन, सामान अडीच टनांच्या आसपास. सगळं मिळून सहा टन धरू. घाटात चढ सरासरी शंभराला पाच धरला, तर सहा टनांना वर ओढायला 300 किलोंचा ओढा लागतो. टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाला आणखी सव्वाशे किलोंच्या आसपास. म्हणजे सव्वाचारशे किलोंची ओढ. हे वजन ताशी 10 किलोमीटरने चढवायला साधारण 16 हॉर्सपॉवर पुरतात. ताशी 20 ने चढवायचं तर 31 लागतात. 39 हॉर्सपॉवरच्या इंजिनातून गिअरपेटी आणि टायरच्या घसरणीत गळून रस्त्यापर्यंत तीसच्या आसपास पोचतात. म्हणजे हा लहान ट्रॅक्टर ताशी वीसच्या जरा कमी वेगाने आरामात चढतो. पन्नास हॉर्सपॉवरचा ताशी पंचवीसने चढेल. सहा किलोमीटरचा चढ असला तर दोघांमधला फरक पाच मिनिटांचाही नाही.

हे गणित गावातल्या नव्या ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी एकदा मांडायला हवं. 'ट्रॉलीसाठी मोठंच इंजिन लागतं' या एका वाक्यावर लाखाचा फरक मोजला जातो. ओढण्याची ताकद इंजिनाच्या आकड्यातून जेवढी येते, तेवढीच गिअरमधून येते. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे जास्त आणि चाकाचे कमी, त्यामुळे चाकावरचा पीळ अनेक पटींनी वाढतो. लहान इंजिन वेग देत नाही, पण ओझं सोडतही नाही.

अट एकच, चालकाने घाई करू नये. चढ सुरू होण्याआधी, पायथ्याच्या सपाट रस्त्यावरच भाऊ योग्य गिअर टाकतो. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या गिअरपेटीत चालत्या गाडीत, तेही चढावर, गिअर बदलणं अवघड असतं. क्लच दाबला की सहा टन क्षणात थांबतात आणि पुढच्या क्षणाला मागे सरकू लागतात. म्हणून एकदा टाकलेला गिअर वरचा माथा येईपर्यंत तसाच. हाताची रेस बंद, पायाची चालू, म्हणजे वेग क्षणात कमी करता येतो. मागच्या फळ्यांना दोन लाकडी ठोकळे बांधलेले असतात. ट्रॅक्टर कुठे थांबलाच तर आधी ट्रॉलीच्या चाकांमागे ठोकळे, मग बाकी सगळं.

इंजिन तापण्याचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचं कारण बहुतेकदा इंजिनाच्या लहानपणात नसतं. सोयाबीनच्या मळणीत उडालेला भुसा रेडिएटरच्या बारीक पापुद्र्यांत जाऊन बसतो. हंगाम संपला की तो तिथेच वाळतो. मग जूनच्या उकाड्यात, मागून वारा असताना, ताशी दहा-पंधराच्या वेगाने चढताना हवा आत जातच नाही. भाऊ निघण्याआधी रेडिएटर उलट्या बाजूने, म्हणजे इंजिनाकडून बाहेर, हलक्या दाबाच्या पाण्याने धुतो. पंख्याचा पट्टा तपासतो. हे काम तासाभराचं आहे आणि घाटात थांबलेल्या कितीतरी ट्रॅक्टरांना ते वाचवू शकलं असतं.

ट्रॉली कुठे जोडायची, हीसुद्धा चढावरच कळणारी गोष्ट आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या अंगाला घट्ट बसवलेला हूक हीच ट्रॉलीची जागा. नांगर-वखरासाठी असलेल्या हायड्रोलिकच्या दोन बाहूंना आडवी पट्टी लावून तिच्यावर ट्रॉली ओढणारे दिसतात. ती पट्टी वर उचलली गेली आणि ओढीची रेषा मागच्या एक्सलच्या वर गेली, की इंजिनाची सगळी ताकद ट्रॅक्टरचं तोंड वर उचलायला लागते. पुढची चाकं जमीन सोडतात, आणि मागे उलटायला फार वेळ लागत नाही. हूक खाली, पिन पूर्ण आत, पिनेच्या खालच्या भोकात क्लिप, आणि वरून दांड्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सुरक्षेची साखळी. क्लिपच्या जागी वाकडा खिळा किंवा तार अडकवलेली ट्रॉली भाऊ जोडत नाही, मग ती कोणाचीही असो.

अमेरिकेत गाडी किती ओझं ओढू शकते हे ठरवायला जे-2807 नावाचं प्रमाण आहे. त्यातली मुख्य परीक्षा घाटातच होते. ॲरिझोना राज्यातला डेव्हिस डॅमचा चढ सुमारे 18 किलोमीटरचा. बाहेर 38 अंशांच्या वरचा उन्हाळा, एसी पूर्ण चालू, मागे कंपनीने सांगितलेलं पूर्ण ओझं, आणि साध्या पिकअपने ताशी 64 किलोमीटरच्या खाली न येता माथा गाठायचा. बारा टक्के चढावर उभं करून पाच मिनिटांत पाच वेळा पुढे आणि पाच वेळा मागे निघूनही दाखवावं लागतं. त्यातून जो आकडा निघतो तो मूळ इंजिनाच्या गाडीला कमी आणि मोठ्या इंजिनाच्या गाडीला जास्त मिळतो. तिथे इंजिनाचा फरक मोठा ठरतो, कारण महामार्गाचा वेग राखावा लागतो. ट्रॅक्टरवर ती सक्ती नाही. ताशी पंधराने घाट चढला तरी ट्रॅक्टरचं काही चुकत नाही. पण परदेशातल्या नियमांतली दुसरी बाजू आपल्याला थेट लागू पडते. युरोपात मोटारीमागच्या 750 किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. आपल्याकडे त्याच्या पाचपट वजनाची ट्रॉली एकाही ब्रेकशिवाय घाट उतरताना दिसते.

आणि इथे भाऊच्या उत्तराचा दुसरा भाग सुरू होतो.

वर्षभर त्याची खरी परीक्षा उतारावर असते. घाटावरचा मका, सोयाबीन मलकापूर किंवा खामगावच्या बाजारात न्यायचा तर ओझं भरलेलं आणि रस्ता खाली जाणारा. दिंडीच्या वाटेवर चढ सुरुवातीलाच येतो, राजूर घाट. मग बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, जालना, अंबड, शहागड, तिथे गोदावरी ओलांडून गेवराई, बीड. बीडच्या पुढे मांजरसुंब्याचा घाट, मग येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर. एका बाजूचं अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास. परतीला हेच घाट उलटे येतात आणि शेवटी, घर दिसायला लागल्यावर, राजूरचा उतार.

सहा टन वजन 300 मीटर खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, ती कुठेतरी जायला हवी. टायरच्या घर्षणात जाणारा भाग वजा केला तरी उरलेल्या उष्णतेत पस्तीस लिटर पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता ट्रॅक्टरच्या दोन ब्रेकांनी गिळायची, असं आपण त्यांना सांगतो. ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. ते शेतात वळण घेण्यासाठी आणि स्वतःचं पावणेदोन-दोन टन वजन थांबवण्यासाठी बनवलेले. गरम झालेला ब्रेक आधी पकड सोडतो, मग पायडल खाली जातं, आणि मग काहीच होत नाही.

त्यावर उपाय इंजिनातच असतो. ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. रेस सोडली की इंजिन स्वतः चाकांना मागे खेचतं. ब्रेक फक्त वेग थोडा कमी करायला, दाबून सोडून, दाबून सोडून. उलट डिझेल वाचवायला गिअर काढून गाडी सोडणारे आजही आहेत. त्या क्षणी इंजिनाची लगाम सुटते, सगळं वजन दोन गरम ब्रेकांवर येतं, आणि वेग वाढल्यावर परत गिअर टाकायला गेलं तर तो बसत नाही. वाचलेल्या डिझेलची किंमत मूठभर रुपये असते.

दुसरी गोष्ट पायडलची. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाची दोन वेगळी ब्रेक पायडलं असतात, शेतात आखूड वळण घेता यावं म्हणून. रस्त्यावर निघताना ती दोन्ही कडीने एकत्र जोडायची असतात. कडी न लावता घाटात एकाच पायडलवर पाय पडला, तर एकच चाक थांबतं आणि ट्रॅक्टर त्या बाजूला वळतो. मागची ट्रॉली सरळ ढकलत राहते. ट्रॅक्टर आडवा, ट्रॉली त्याच्यावर, ही घाटातल्या अपघाताची नेहमीची रीत आहे. भाऊ ट्रॅक्टरवर चढला की आधी पायाने कडी चाचपतो. ही सवय त्याने आपल्या पुतण्यालाही लावली आहे. पुतण्या गाडी शिकत असताना कडी लावली नाही तर किल्ली मिळत नसे.

थांबण्याचं अंतरही मांडून पाहण्यासारखं आहे. ट्रॉलीला ब्रेक नसताना, कोरड्या डांबरी रस्त्यावर, ट्रॅक्टरचे ब्रेक उत्तम असताना, याच सहा टनांना पाच टक्के उतारावर ताशी 20 वरून थांबायला साधारण 11 मीटर लागतात. ताशी 40 वरून 45 मीटर. यात चालकाला धोका दिसून पाय पायडलवर जाईपर्यंतचं अंतर धरलेलंच नाही. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं. पहिल्या पावसात रस्त्यावरच्या धुळीचा आणि तेलाचा निसरडा थर तयार होतो, तेव्हा हे आकडेही खोटे ठरतात. जूनचा पहिला पाऊस आणि दिंडीचा प्रवास एकाच वेळी येतात, हे विसरता येत नाही.

म्हणून त्याच्या ट्रॉलीला ब्रेक आहेत. जुनी ट्रॉली मोडीत काढून नवी बनवताना त्याने वेल्डिंगवाल्याकडे हा हट्ट धरला. खर्च वाढला, घरातही कुरकुर झाली. ट्रॉलीला ब्रेक बसवण्याचे साधे मार्ग दोन. एक म्हणजे ट्रॅक्टरच्या ब्रेकशी जोडलेली हायड्रोलिक नळी, पायडल दाबलं की ट्रॉलीची चाकंही थांबतात. दुसरा आणखी साधा आहे. दांड्यात सरकणारा भाग असतो. ट्रॅक्टर थांबू लागला की ट्रॉली पुढे ढकलते, तो भाग दाबला जातो आणि ट्रॉलीचे ब्रेक आपोआप लागतात. तिचंच वजन तिला आवरतं. यात मोठ्या इंजिनाची, नव्या ट्रॅक्टरची गरज नाही.

ट्रॉली थांबण्याइतकंच तिचं दिसणंही महत्त्वाचं. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लागतात. तिथल्या सपाट रस्त्यावरही मागची ट्रॉली सापासारखी वळवळते, आणि रात्री मागून येणाऱ्याला अंधारात उसाची भिंत अचानक दिसते. गाळप हंगामाच्या तोंडाला पोलीस आणि कारखाने ट्रॉल्यांना लाल चकाकणारे कापड लावण्याची मोहीम घेतात, ते चांगलं काम आहे. घाटाखालच्या गावांमध्ये मात्र अशी मोहीम क्वचितच दिसते. ट्रॉलीच्या मागचा रिफ्लेक्टर वाळूच्या फटक्याने पुसला जातो आणि तसाच राहतो.

आता माणसांची गोष्ट. ट्रॉली मालासाठी नोंदवलेली असते. तिच्यात माणसं बसवणं कायद्यात बसत नाही आणि विम्यातही नाही. मोटार वाहन कायद्यानुसार ट्रॉलीची नोंदणीही ट्रॅक्टरपेक्षा वेगळी असते. परवान्याबद्दल गावात गैरसमज असतो की ट्रॉली लावली की ट्रॅक्टरचा परवाना चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये नागशेट्टी खटल्यात तो प्रश्न निकाली काढला. ट्रॅक्टर चालवायचा वैध परवाना ज्याच्याकडे आहे, तो ट्रॉली जोडल्यामुळे अपात्र ठरत नाही. परवाना चालतो. ट्रॉलीत बसलेल्या माणसाला मात्र कोणाचंही संरक्षण नाही.

हे कागदावर सोपं आहे. वाटेवर फार अवघड जातं. चालून चालून पायाला फोड आलेली सत्तरीची बाई ट्रॉलीजवळ येते आणि म्हणते, 'बाबू, माहे पाय सुजले रे, घटकाभर बसू दे.' तिला नाही म्हणायला कोणाचं मन होईल? भाऊ नाही म्हणतो. 'माय, मी तुले बसवलं अन् काही झालं तं तुह्या लेकराले काय सांगू? इठ्ठल पायी चालणाऱ्याचाच नाही, एसटीनं येणाऱ्याचाही हाय.' मग तो दिंडीतल्या एखाद्या पोराला तिच्यासोबत फाट्यावर पाठवतो, एसटीत बसवून पुढच्या मुक्कामाला उतरवून घ्यायला. सुरुवातीला काही जण त्याच्यावर नाराज होत. आता दिंडीप्रमुख महाराज निघतानाच्या कीर्तनानंतर स्वतः सांगतात, 'ट्रॉलीत सामान जाईल, माणूस जाणार नाही. ज्याला चालवत नाही त्याने लाज धरू नये, आमच्या पैशाने एसटीने यावं.' दिंडीने त्यासाठी वर्गणीतून वेगळे पैसे बाजूला ठेवले आहेत. हा निर्णय त्यांच्या गावाने घेतला, कोणी वरून लादला नाही. म्हणूनच तो पाळला जातो.

चालणाऱ्या दिंडीच्या मागे मागे ट्रॅक्टर चालवायचा नाही, हेही ठरलेलं आहे. माणसाचा वेग ताशी चार-पाच किलोमीटर. त्या वेगाने थांबत-थांबत ओझं ओढत राहिलं तर क्लचवर पाय ठेवून ठेवून क्लच जळतो, शिवाय मागून येणाऱ्या वाहनांना माणसं आणि ट्रॅक्टर यांचा लांबलचक अडथळा तयार होतो. म्हणून सकाळी सामान भरून ट्रॅक्टर थेट पुढच्या थांब्यावर जातो. तिथे चुली पेटतात, पाणी भरलं जातं, तोवर दिंडी पोचते. संध्याकाळच्या मुक्कामाआधी ट्रॉली उभी करताना ती सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून, दांडा जॅकवर टेकवून. स्वयंपाकाची जागा ट्रॉलीपासून दूर, कारण ताडपत्री आणि गॅस यांचं जमत नाही. रात्री अंधारात ट्रॅक्टर काढायचा नाही, कितीही उशीर झाला असला तरी. पहाटेचा काकडा झाला, उजाडलं, की मगच.

हे सगळं करायला भाऊला कोणी शिकवलं नाही. मोटार वाहन कार्यालयाच्या परीक्षेत ट्रॉली जोडून घाट उतरवायची परीक्षा नव्हती. तो पाहून पाहून, थोरांना विचारून, थोडं गणित करून शिकला. पण जिल्ह्यात हजारो तरुण पंधराव्या-सोळाव्या वर्षीच बापाच्या ट्रॅक्टरवर बसतात आणि पुढचा सगळा जन्म तोच अंदाज धरून चालवतात. शाळेच्या सुट्टीत ट्रॅक्टर चालवणारा पोरगा ही गावात कौतुकाची गोष्ट आहे, आणि घाटात सहा टन मागे असताना ते कौतुक जिवावर बेतू शकतं. कृषी विज्ञान केंद्रं, परिवहन कार्यालय, बाजार समित्या आणि दिंड्यांच्या समित्या यांनी मिळून दर मे महिन्यात एक दिवस काढला तरी पुरेल. पायडलची कडी, हुकाची क्लिप, रेडिएटरचा भुसा, ट्रॉलीचं वजन आणि उतारावरचा गिअर, एवढं एका दुपारी शिकवून होतं.

दिंडीची तयारी पुन्हा सुरू होईल, आणि त्याआधी बाजारात नव्या ट्रॉल्यांची मागणी येईल. वेल्डिंगच्या दुकानात ट्रॉली सांगताना तिला ब्रेक लावायलाच सांगा, दोन हजारांनी दर कमी करतो म्हटलं तरी ब्रेक कमी करू देऊ नका. मोठ्या इंजिनासाठी जे पैसे मोजायला तयार आहात, त्यातला थोडा भाग तिथे वळवा. जुनी ट्रॉली असेल तर या उन्हाळ्यातच मिस्त्रीकडे न्या. आणि ज्या गावांतून दिंड्या निघतात, तिथल्या मंडळींनी निघण्याच्या आधी एकदा ट्रॉलीखाली वाकून पाहावं, ब्रेक आहेत की नाहीत ते.